बिनआवाजाची करवत

क्लेम हॅझलवुड बहिरा आहे, असं त्याच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती. त्याच्या मते तो बहिरा नव्हता, जग हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत होतं. सगळं आयुष्य त्याने पेट्रोलची करवत कानाशी वाजवत काढलं, आधी ठेकेदाराकडे जंगलात आणि मग स्वतःच्या जमिनीवर. कानांवर काही घालून काम करणाऱ्यांना तो बाहुल्या म्हणायचा. त्याच्या मुलीने, कोरिनने, त्याला चांगलं भारीतलं कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते खिळ्यांच्या बरणीत पडून होतं. चर्चमध्ये पाद्री बोलायला लागला की क्लेम शेजारच्याला म्हणायचा, "काय पुटपुटतोय रे हा?" आणि ते पाद्र्यासकट सगळ्यांना ऐकू जायचं.

मी ग्वेन. स्किनर्स क्रीक या ओढ्याच्या अलीकडे माझं घर, थोडी सफरचंदं, थोड्या मेंढ्या. ओढ्यापलीकडच्या उतारावर क्लेम. आधी माझा रॉस गेला, मग त्याची थेल्मा गेली, आणि एका ओढ्याच्या दोन काठांवर आम्ही दोन एकटी माणसं उरलो. त्यावरून गावात काय काय बोललं जायचं ते मला माहीत आहे. बोलणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? तो माझं चुलीचं लाकूड कापून द्यायचा. मी त्याला मटणाचा वाटा द्यायचे, रासबेरीचा जॅम द्यायचे, त्याच्या फाटक्या विजारी शिवून द्यायचे. आणि त्याच्यावर कान ठेवायचे.

हे कान ठेवणं म्हणजे आमच्या खोऱ्यातली जुनी रीत. कोणी एकटा लाकूड कापायला गेला की शेजाऱ्याने आपलं काम करता करता त्याच्या करवतीकडे कान ठेवायचा. करवत लाकडात शिरली की आवाज जड होतो, बाहेर आली की मोकळा होतो. मध्येच बंद झाली तर समजायचं, पेट्रोल भरतोय किंवा साखळीला कानस मारतोय. मग कुऱ्हाडीचे ठोके आले तर ठीक. पण कापता कापता आवाज तुटला आणि पुढे काहीच आलं नाही, तर हातातलं टाकून बघायला जायचं. आणि कोणी अडकलाच, तर पडल्या जागेवरून करवतीला तीनदा रेस द्यायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. ते ऐकलं की आमच्याकडचा माणूस जेवत्या ताटावरून उठतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. रॉसची मांडी कापली होती तेव्हा त्याच तीन रेसवर क्लेम पुराचा ओढा ओलांडून आला होता. तेव्हा त्याचे कान चांगले होते. रॉस त्यानंतर बरीच वर्षं जगला, ती क्लेमची देणगी.

तर अशा माणसाचा उजवा खांदा निकामी झाला.

खांदा गेला तर गेला, म्हातारपणी काहीतरी जायचंच. पण क्लेमने एका नाताळच्या जेवणाला, दोन बिअर जास्त झाल्यावर, कोरिनला सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी मला माझी करवत चालू करता येणार नाही, त्या दिवशी मी गपगुमान तुझ्या होबार्टला येईन. तोवर हा विषय काढायचा नाही." कोरिन होबार्ट शहरातल्या शाळेत उपमुख्याध्यापिका. तिच्या कानावर पडलेलं वाक्य ती विसरत नाही. तेव्हापासून दर फोनला ती हवापाणी विचारावं तशी विचारायची, "काय डॅड, करवत चालू होते ना?"

एप्रिल संपताना मी त्याच्याकडे भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे पाव, घेऊन गेले, तर हा शेडमध्ये. करवत जमिनीवर, तिच्या मुठीत बुटाचं टोक, आणि डाव्या हाताने दोरी ओढतोय. दोरी अर्ध्यावर यायची आणि परत जायची. चेहरा लाल, कपाळावर घाम.

"पेट्रोल शिळं झालंय," मला बघून तो म्हणाला.

"बघू," म्हणून मी स्कोन ठेवले, चोक ओढला आणि दोरीला एक हिसका दिला. करवत गुरगुरून उठली.

क्लेम माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्या थोबाडीत मारली असती तरी त्याला कमी लागलं असतं. मी करवत बंद केली.

"खाली ठेव," तो म्हणाला.

"अरे, ओढून ओढून तूच तापवली होतीस ना, म्हणून—"

"ग्वेन, खाली ठेव आणि स्कोन घेऊन घरी जा."

स्कोन मी ठेवूनच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजवत उभा, दाढी करून, चर्चचा कोट घालून. "चल. डॅलसकडे जायचंय. नवी करवत घ्यायचीय." जणू काल काही झालंच नव्हतं.

डॅलसचं दुकान सफरचंद पॅक करायच्या जुन्या शेडमध्ये आहे. डॅलस माणूस बरा, पण बोलायला लागला की थांबत नाही. त्याने एक पेट्रोलची आणि एक बॅटरीची अशा दोन करवती बाकावर ठेवल्या आणि क्लेमच्या कानाशी ओरडला, "काय कापायचंय तुला?"

"लाकूड. तुला काय वाटलं, लग्नाचा केक?"

"तसं नाही रे. झाडं पाडायचीत का?"

"पाडायचे दिवस गेले. मोठे ओंडके मी आता पर्सीकडून घेतो. वाऱ्याने पडलेल्या फांद्या, वॉटलच्या झाडांच्या काठ्या, पेटवायला झिलप्या, बस."

"मग पेट्रोलच्या मागे कशाला लागतोस? दिवसभर कापणाऱ्याने पेट्रोलची घ्यावी. तू आठवड्यातून दोनदा थोडंथोडं कापणार. पेट्रोलची करवत वापरली नाही की रुसते. टाकीत पेट्रोल सडतं, कार्बोरेटर चिकटतो, मग आहेच दोरीशी कुस्ती. हिला काय, हा खटका दाबला की चालू. हलकी आहे. धूर नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेवढी ती रात्री चुलीजवळ ठेव. साखळीला तेल मात्र हिलाही लागतं, नाहीतर पट्टी जाळशील."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आवाज नाहीच म्हण ना! शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. शहरातून आलेले लोक तेवढ्यासाठीच नेतात."

"आमच्याकडे शेजाऱ्याला कळावं म्हणूनच वाजवतात, डॅलस."

तोही इथलाच आहे, त्याला समजलं. पण क्लेमने तोवर बॅटरीवाली उचलून दाराबाहेरच्या ओंडक्यावर टेकवली होती. खटका दाबला. साखळी लोण्यात जावी तशी लाकडात गेली, भुसा उडाला, चकती खाली पडली. क्लेमच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. थेल्मा गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं.

"चांगली गुरगुरते की!" तो म्हणाला. "उगाच नावं ठेवता तुम्ही."

ती गुरगुरत नव्हती. शिवणाचं मशीन जरा मोठं असतं तर जसं वाजलं असतं, तसं काहीसं वाजत होती. गुरगुर त्याच्या हाताला लागत होती. गेली कित्येक वर्षं हा माणूस करवत हातांनी ऐकत आला होता, आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "क्लेम, लहानशी पेट्रोलची घे. मी सकाळी येऊन चालू करून देत जाईन. मला कुठे लांब आहे?"

"म्हणजे दोन काठ्या कापायला मी तुझ्या दारात येऊन उभा राहू? 'ग्वेनबाई, करवत चालू करून द्या हो'? त्यापेक्षा होबार्टला जाऊन म्हाताऱ्यांबरोबर बिंगो खेळतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, वर दोन शिव्या दिल्या असत्या. लहान कामाला बॅटरीची करवत चांगली, हे डॅलसचंही खरंच होतं. कोणीच कोणाला फसवत नव्हतं. याचाच तर मला संताप येतो. एखादा लबाड सापडला असता तर त्याची गचांडी तरी धरता आली असती.

परत येताना गाडीत मी ओरडून सांगितलं, "ही करवत मला ओढ्यापलीकडे ऐकू येणार नाही. कापायला जाशील तेव्हा फोन कर."

"येईल ऐकू. तुझे कान शाबूत आहेत."

"अरे, नाही येणार! डॅलसच्या दारात मला जेमतेम ऐकू येत होती."

"डॅलस शेजारी बडबडत होता म्हणून." मग गाडी ओढ्याच्या पुलावर आली तेव्हा म्हणाला, "फांद्या तोडायला परवानगी मी थेल्माचीसुद्धा कधी घेतली नाही."

तरी त्याने काही दिवस फोन केला. "ग्वेन, चाललो," एवढंच बोलून ठेवून द्यायचा, मी बोललेलं त्याला फोनवर ऐकू येतच नसे. मग फोन बंद झाले. मी विचारलं तर म्हणाला, "परवा कापत होतो तेव्हा तू हात केलास की. ऐकू आलं म्हणूनच केलास ना?" मी मेंढ्यांना हाकायला हात केला होता. मी ते सांगितलं, त्याने ते ऐकलं नाही. बहिऱ्या माणसाला एक सोय असते, हवं तेवढंच ऐकता येतं.

मधे कोरिन येऊन गेली. क्लेमने तिच्यासमोर अंगणात करवत चालू केली, बंद केली, चालू केली, बंद केली. "बघ. झाली चालू." कोरिन हसली, पण तिचा जबडा घट्ट मिटलेला मी पाहिला. जाताना तिने त्याच्या गळ्यात मदत बोलवायच्या बटणाची एक माळ घातली, पडलात तर दाबा म्हणून. तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि ती माळ न्हाणीघरातल्या खिळ्याला गेली. घरापासून लांब ती तशीही चालत नव्हती.

मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा लागता लागता, मोठा वारा झाला. ओढा फुगला. क्लेमच्या उतारावरच्या ब्लॅकवुडच्या झाडाची एक जाडजूड फांदी मोडून नेच्याच्या झुडपांत पडली, खाली दोन बारक्या फांद्यांवर टेकून राहिली. वारा पडल्यावर सकाळी मी माझ्या सफरचंदांची छाटणी काढली. थंडी होती म्हणून डोक्यावर रॉसची लाल लोकरीची टोपी. ओढ्याचा खळखळाट, वरती करावाँग पक्ष्यांची ओरड, बाकी शांत. मला चांगलं आठवतं, दुपारी डबा खाताना मी मनाशी म्हटलं, आज क्लेम कापायला गेलेला दिसत नाही. बरं झालं, खांद्याला विश्रांती.

काय बोलावं या शहाणपणाला!

ऊन उतरलं, मी शिडी उचलली, सहज पलीकडे पाहिलं तर त्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. मे महिन्यातल्या संध्याकाळी, आमच्याकडे, म्हाताऱ्या माणसाच्या घरात चूल नाही. शिडी तिथेच टाकून मी पळाले. घरात नव्हता, शेडमध्ये नव्हता. टेबलावर सकाळचा चहा अर्धा. मी हाका मारत उतारावर गेले, म्हणजे काय मूर्खपणा, त्याला हाका!

तो नेच्यात पडलेला होता. टेकू देणारी बारकी फांदी त्याने कापली, वरचा ओंडका गडगडला आणि त्याच्या पायावर येऊन बसला. गुडघ्याखाली पाय दिसतच नव्हता. ओठ निळे झाले होते. करवत त्याच्या छातीवर, आणि बोट अजून खटक्यावर. तो दाबत होता, सोडत होता, दाबत होता. बॅटरी कधीच मेली होती.

"क्लेम! अरे देवा. क्लेम!"

त्याने डोळे उघडले. ओरडून ओरडून घसा बसला होता, आवाज म्हणजे नुसता वारा. "रेस दिली," तो म्हणाला. "तीनदा. थांबून तीनदा. सकाळपासून."

"बोलू नकोस. पर्सीला आणते, गाडीचा जॅक आणते—"

"तू तिथेच होतीस, ग्वेन. मला तुझी लाल टोपी दिसत होती."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. होबार्टच्या हॉस्पिटलात कोरिन मला भेटली. तिने आधी माझा हात धरला, रडली, आणि मग डोळे पुसून शाळेतल्या आवाजात विचारलं, "पण तुम्ही समोरच होतात ना, ग्वेन?" माझ्या डोक्यात अशी सणक गेली! दहा-बारा वर्षांत ही मुलगी बापाकडे राहिली ती एकेक रात्र, आणि समोर कोण होतं ते हिने मला विचारावं. मी तोंड उघडलं असतं तर हॉस्पिटलने मला बाहेर काढलं असतं.

तिने त्याला समुद्राकडच्या गावात वृद्धांच्या घरात ठेवलं, पायाची जखम भरेपर्यंत म्हणून. तिथे मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची आणि रोज सकाळी त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं घालायची. तिला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. मी पहिल्यांदा गेले, शिंपल्यांचे पॅटिस घेऊन, त्याला आवडतात तसे मसालेदार. मला दारात बघितल्याबरोबर त्याने दोन्ही कानांतून यंत्रं काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. पॅटिस खाल्ले. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला मात्र मोठ्याने सांगितलं, "ही माझी शेजारीण. हिच्या नवऱ्यासाठी मी पुरात उतरलो होतो. माझ्या वेळेला बाई टोपी घालून आली, कान घरी विसरली."

मी तरी जात राहिले. दर वेळी यंत्रं खिशात. गावातही कुजबुज सुरू झाली होती. पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर, "दिवसभर म्हणे तीनदा-तीनदा देत होता... आणि ती समोर छाटणी करत होती." आमच्याकडे चोराला लोक मदत करतील, दारुड्याला करतील. तीन रेस ऐकून न उठणाऱ्याला कोणी नमस्कार करत नाही. पर्सी माझ्या घरासमोरून गाडी न थांबवता जायला लागला.

मी डॅलसला बोलावलं. म्हटलं, "त्या नेच्यात झोप आणि ती बॅटरीची करवत तीनदा-तीनदा वाजव. मी माझ्या झाडांत उभी राहते." तो झोपला. मी उभी राहिले, कानांत प्राण आणून. ओढा ऐकू आला, पक्षी ऐकू आले. डॅलसने हात हलवून झाल्याची खूण केली तेव्हा मला कळलं की त्याने केव्हाच सुरुवात केली होती. मग मी म्हटलं, आता क्लेमची जुनी पेट्रोलची वाजव. त्याने पहिल्या तीन रेस दिल्या आणि खोऱ्यातली कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्या तीनला पर्सी जॅक आणि दोर घेऊन, पायात एकच बूट, धापा टाकत माझ्या फाटकात. परीक्षा चालली होती म्हटल्यावर त्याने आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण रविवारी चर्चमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला.

गावाची समजूत पटली. क्लेमची राहिली.

त्याला मारिसेलने सांगून पाहिलं, डॅलसने सांगून पाहिलं. "डॅलस तिच्याच बाजूने बोलणार. करवत कोणी विकली?" हे त्याचं उत्तर. इकडे कोरिन घर विकायचं म्हणून त्याच्या मागे लागली होती आणि तो ऐकत नव्हता. "हिवाळा सरताना वॉटल फुलते, तोवर मी घरी," तो म्हणायचा. "नवा पाय लावीन. पेट्रोलची करवत घेईन. ओढ्यापलीकडे कान असलेली शेजारीण शोधीन." मारिसेल मला हसत हसत सांगायची, "तुमच्या नावाने शिव्या देत देत तो रोज व्हरांडा चालतो. एका टोकाला तुमचं नाव, दुसऱ्या टोकाला शिवी. इतका जोर मी तरुणांत बघितला नाही."

मी तेही हसण्यावारी नेलं. मला फक्त एवढंच दिसत होतं की मी काही केलेलं नाही आणि तो माणूस मला गुन्हेगार समजतो. रात्र रात्र मी अंथरुणात त्याच्याशी भांडायचे. ज्याच्यावर मी आयुष्यभर कान ठेवला, त्याने मला असं म्हणावं?

जुलैत एका सकाळी डॅलस आणि मी ती बॅटरीची करवत घेऊन वृद्धांच्या घराच्या पार्किंगमध्ये गेलो. मारिसेलने क्लेमला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मला बघून त्याचा हात कानाकडे गेला. तिने तो धरला. "आज काढायचं नाही, क्लेम. आज ऐकायचं."

"काय ऐकायचं?"

डॅलसने पाच-सहा गाड्या सोडून लांब उभं राहून खटका दाबला. तीनदा. थांबला. तीनदा.

क्लेम वाट बघत राहिला. "चालू कर ना," तो म्हणाला. "काय उगाच उभा आहेस?"

"चालूच आहे," मी म्हटलं.

त्याने डॅलसला हाताने जवळ बोलावलं. डॅलस चालत येत येत दाबत राहिला. अगदी खुर्चीपाशी आला तेव्हा क्लेमच्या कपाळाला आठी पडली. "हे? हे काय आहे? दाढीचं मशीन?" त्याने करवत मागून घेतली, मांडीवर आडवी धरली आणि स्वतः खटका दाबला. तीनदा. थांबला. पुन्हा तीनदा. मग आपल्या हातांकडे बघितलं, मग करवतीकडे.

"हाताला तर केवढं वाटतं," तो म्हणाला.

त्याने करवत डॅलसला परत दिली.

"म्हणजे तू बहिरी नव्हतीस, ग्वेन."

"नाही रे. मी तेच तर सांगत होते."

"बरं," तो म्हणाला. "बरं. माफ कर बाई."

मी हलकी हलकी होऊन निघाले. परतताना डॅलसने आईस्क्रीम घेऊन दिलं, जुलैच्या थंडीत, आणि मी ते गाडीत बसून शाळकरी पोरीसारखं चाटून खाल्लं. त्या रात्री मला किती दिवसांनी झोप लागली.

पुढच्या आठवड्यात कोरिनचा फोन. आवाजात साखर. "ग्वेन, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. डॅड घर विकायला हो म्हणाले. आम्ही केव्हापासून डोकं फोडत होतो, तुम्ही एका सकाळीत समजावलंत. म्हणाले, चूक माझीच होती, आता तू म्हणशील तसं." मी फोन हातात धरून उभी राहिले. खिडकीतून त्याचं घर दिसत होतं.

मी गेले तेव्हा मारिसेल दारातच भेटली. ती या वेळी हसली नाही. नवा पाय पलंगाखाली होता, पिशवीतून काढलेलाही नव्हता. "चालतच नाही," ती म्हणाली. "विचारलं की म्हणतो, उद्या."

क्लेम खिडकीपाशी खुर्चीत होता. यंत्रं कानात. मला बघून त्याने ती काढली नाहीत. "ये ग्वेन, बस," तो म्हणाला. "तुला ये-जा करायचा त्रास होत असेल." बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं. मी केलेले पॅटिस त्याने बाजूला ठेवले, नंतर खाईन म्हणाला. मला तो जुना, खिशात कान ठेवणारा म्हातारा परत हवा होता.

"क्लेम, उतारावर वॉटल फुललीय. सगळा उतार पिवळा झालाय."

"असं का. छान."

"अजून कोणी घर घेतलेलं नाही. ऊठ ना रे. चल व्हरांड्यात. हवं तर मला शिव्या दे, मी बरोबर चालते."

तो माझ्याकडे बघून हसला, शहाण्यासारखा, समजूतदार. मला ते हसू सहन झालं नाही.

"तुला कशाला देऊ?" तो म्हणाला. "तू काय केलंस?"